भावजींच्या पायातली नळी

आमचे भावजी रस्त्यात मध्येच थांबायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला शिकवायला लागायचे. वाणी असो, एसटीचा कंडक्टर असो, नाहीतर डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेतलेली बाई असो. पाटी डोक्यावरच. ती बिचारी मान ताठ धरून उभी, आणि भावजी बोट वर करून सांगतायत, "तुझ्या अंगात कोट्यवधी पेशी आहेत आणि प्रत्येक पेशीत चुली आहेत. चुलीला काय लागतं?" बाई म्हणायची, "लाकडं." "बरोबर. आणि हवा." एवढं झालं की त्यांचं समाधान व्हायचं आणि ते पुढं चालू लागायचे. थोडं गेले की पुन्हा थांबायचे. पुन्हा कोणीतरी सापडायचं.

दत्ताराम त्यांचं नाव, माझे धाकटे दीर. पोलादपुरात सगळे त्यांना सर म्हणत. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणजे शाळेत जायचे थांबले, शिकवायचे नव्हे. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, वेळ झाला नाही. माझे यजमान गेले, मुलगा प्रकाश मुंबईला नोकरीला, त्यामुळं घरात आम्ही दोघंच. मी चौथी शिकलेली. पण इतकी वर्षं भाकरी थापताना ऐकून ऐकून पेशी म्हणजे काय आणि तिच्यातल्या चुली म्हणजे काय, हे मला घरातल्या कुळाचारापेक्षा जास्त पाठ झालं. त्या चुलींना एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, मायटोकॉण्ड्रिया. मला ते नीट म्हणता येतं. येत नव्हतं तेव्हा त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेता घेता चहा थंड केला होता.

हृदयाकडून निघालेली रक्ताची नळी तुंबते कशी, हा त्यांचा दुसरा विषय. नळात गाळ साचतो तसं, असं कोणी म्हटलं की चिडायचे. "गाळ नव्हे. बिघाड भिंतीत आहे. चरबी नळीच्या भिंतीत शिरते. ती काढायला अंगातले सफाईवाले येतात. ते चरबी खातात, खाऊन फुगतात, त्यांच्या चुली विझतात आणि ते तिथंच पडून राहतात. साफ करायला आला तोच कचरा झाला." हे सांगताना हातात विडी. विडीनं नळीच्या भिंती खराब होतात, हेही विडी ओढतच सांगायचे. मी म्हणायची, आधी ती फेका. तर म्हणायचे, "वहिनी, मी उदाहरण दाखवतोय."

हे सफाईवाल्यांचं आणि विझलेल्या चुलींचं त्यांच्या डोक्यात भरवलं ते वनितानं.

वनिता कुडपणची. वर डोंगरावरचं गाव, तिथून रोज शाळेला उतरणं जमण्यासारखं नव्हतं. म्हणून आठवीला भावजींनी तिला आमच्या घरी आणून ठेवलं. मला विचारलं नाही. एका संध्याकाळी मी दिवा लावायला बाहेर आले तर ओट्यावर मुलगी, तिचा बाप आणि तिची वळकटी. बाप म्हणाला, "वैनी, ही खाते कमी." मी म्हटलं, कमी खाऊन शिकायची कशी, आणि तिला आत घेतली.

भावजी तिला पुस्तकातून कमी शिकवायचे. रविवारी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणायचे आणि माझ्या विळीवर चिरायचे. नळ्यांत बोट घालून दाखवायचे, रक्त हिच्यातून येतं, हिच्यातून जातं. ती पोरगीही तशीच. न शिसारता बोट घालायची. एकदा बैलाचा डोळा आणला तेव्हा मी विळी अंगणात भिरकावली. मग त्यांनी माझ्यासाठी नवी विळी आणली आणि जुनी प्रयोगाची म्हणून वेगळी ठेवली. दुसऱ्या घरांत पोरीला रिबिनी आणतात, पिना आणतात. हिला काय आवडेल याचा विचार करीत हे खाटकाच्या दुकानात उभे.

पोरगी शिकत गेली. मुंबई झाली, पुणे झालं, मग बंगळूरला संशोधनाला लागली. तिचं काम असं: औषधाचा एक कण करायचा, साध्या भिंगातूनसुद्धा दिसणार नाही इतका बारीक. तो रक्तातून जाऊन तुंबलेल्या नळीतल्या त्या फुगलेल्या सफाईवाल्याच्या पोटात शिरला पाहिजे आणि थेट त्याच्या चुलीपाशी पोचला पाहिजे. चूल पुन्हा पेटली की सफाईवाला उठेल आणि चरबी बाहेर काढेल. भावजी म्हणायचे, "बाकीची औषधं म्हणजे गाडीतून उधळलेले जाहिरातीचे कागद. कोणाच्याही अंगणात पडतात. हे म्हणजे रजिस्टर पत्र. तालुका, गाव, घर आणि घरातली चूल."

दर रविवारी तिचा फोन यायचा. मोबाइल तेव्हा आमच्याकडं नवा होता आणि रेंज ओट्याच्या टोकालाच मिळायची. भावजी फोनसाठी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि टोकाला जाऊन उभे राहायचे. रेंज कमी म्हणून आवाज मोठा. त्यामुळं बंगळूरच्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते आमच्या अख्ख्या आळीला माहीत. एक म्हातारी गुडघ्यांसाठी तो कण मिळेल का विचारून गेली. एकानं बैलासाठी विचारलं.

त्या वर्षी थंडीत जवळच्या कापडे गावात नणंदेकडं पूजा होती. गाडीतून उतरून आम्ही शेतांच्या बांधावरून निघालो. भात कापून झालेलं, चिटपाखरू नाही. मी पुढं होते. मागं वळून बघते तर भावजी थांबलेले, समोर बांधावर एक म्हैस, आणि ते तिला गवत कसं पचतं ते सांगतायत. म्हैस रवंथ करीत ऐकत होती. मला हसू आलं. तशीच हसत परत फिरले आणि जवळ गेल्यावर हसू थांबलं. थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. एका हातानं पोटरी दाबून धरलेली, आणि तोंड चालू.

मी विचारलं, हे थांबणं कधीपासून. ते म्हणाले, विषय निघाला की थांबतो मी.

"विषय निघत नाय," मी म्हटलं. "तुमचा पाय निघत नाय."

मग त्यांनी निमूट विजार वर केली. गुडघ्याखाली पायावर एक केस नव्हता. कातडी मेणबत्तीसारखी ताणलेली, चकचकीत. हात लावला तर नदीतल्या धोंड्यासारखा गार. अंगठ्याच्या शेजारचं बोट निळसर झालेलं.

म्हणजे बाजारात उभं राहून जे शिकवणं चालायचं, ते पोटरीतली कळ ओसरेपर्यंत चालायचं. माणूस नुसता थांबला तर लोक विचारतात, काय झालं. शिकवायला थांबला तर कोणी विचारत नाही, सुटका कधी होते ते बघतात. दुसऱ्यांच्या नळ्यांबद्दल बोलत हा माणूस स्वतःची तुंबलेली नळी गावभर फिरवत होता.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना महाडला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पावलावर, घोट्यामागं, गुडघ्यामागं बोटं ठेवून पाहिलं आणि मग त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, जांघेपाशी नळी जवळजवळ बंद आहे. मुंबईला जा, तिथं नळी उघडून आतला थर खरवडून काढतील, लागलं तर खालपर्यंत दुसरी जोडतील. पण लगेच. बोट काळं पडलं की पाऊल जाईल, आणि पाऊल गेलं की वरचं कुठवर जाईल ते सांगता येत नाही. भावजी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "तो खरवडलेला थर, त्याचं पुढं काय करतात?" डॉक्टर हसला. मलाही वाटलं, सवयीनं विचारलं असेल.

प्रकाशनं मुंबईत हॉस्पिटल शोधलं, तारीख घेतली. जायच्या आदल्या दिवशी भावजी म्हणाले, हे हॉस्पिटल नको. प्रकाशनं दुसरं शोधलं. तेही नको. ते घरचा मोबाइल सोडून बसस्टँडसमोरच्या बूथवर जाऊन फोन करायचे, तिथं रस्ता ओलांडतानासुद्धा उभे राहायचे, आणि परत आले की गप्प. प्रकाश रजा टाकून आला. "काका, टाइमपास नका ना करू. तो डॉक्टर काय आपला नोकर हाय काय, डेट देत बसायला?" काका वर्तमानपत्र वाचत बसले.

बोट काळं पडलं. आडवं झालं की कळ सहन होत नसे, म्हणून ते दिवसभर खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसायचे. तेवढंच रक्त वजनानं खाली उतरतं, हे त्यांनीच मला सांगितलं. जेवण कमी झालं. झोप बसल्या जागी. मोजा मी डेटॉलमध्ये धुवायची, पण वास जात नव्हता. मी म्हटलं, भावजी, बोट मेलं. ते म्हणाले, एकच. काही दिवसांनी शेजारचं बोटही काळवंडायला लागलं. रोज सकाळी मी मोजा काढायची तो आधी श्वास रोखून.

आळीचं ठरलेलं होतं की सर वनिताच्या औषधाची वाट बघतायत. शिकलेला माणूस उगाच बसणार नाय, पोरगी कण घेऊन येणार असेल. त्या म्हातारीनं तर येईल तेव्हा मलाही बोलवा म्हणून सांगून ठेवलं. मलाही तेच वाटत होतं, आणि वनिताचा राग येत होता. या भोळ्या माणसाला काय भरवून ठेवलंय हिनं, असं. शेवटी एका सकाळी भावजी मोरीत होते तेव्हा मी प्रकाशकडून नंबर लावून घेतला आणि ओट्याच्या टोकाला गेले. म्हटलं, तुझं ते औषध असेल तर घेऊन ये, नसेल तर नाही म्हणून तोंडावर सांग. पण ये. पायाचं वाटोळं होतंय.

पलीकडून ती म्हणाली, "काकी, कुठला पाय?"

दर रविवारी तासभर बोलून यांनी तिला एवढी एक गोष्ट सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती महाबळेश्वरवरून येणाऱ्या गाडीतून उतरली. भावजी खाटेवर पाय सोडून बसलेले. तिला बघून चेहरा असा उजळला की काही दुखतच नाही. लगेच विचारायला लागले, कणावरचं ते नवं कवच टिकलं का. ती म्हणाली, मोजा काढा. ते म्हणाले, आधी चहा घे. तिनं पिशवी खाली ठेवली, जमिनीवर बसली आणि स्वतःच मोजा काढला. बराच वेळ बघत राहिली. रडली वगैरे नाही. ती आमच्याच घरात वाढली.

मग म्हणाली, "सर, मी करते ते औषध नाही अजून. ताटलीतल्या पेशींना दिलं, चाललं. उंदरांना दिलं, काहींना चाललं, काहींना नाही. माणसाला द्यायला किती वर्षं लागतील मला माहीत नाही. कदाचित देताच येणार नाही."

"माहीत आहे मला," भावजी म्हणाले.

मी आणि प्रकाश एकमेकांकडं बघायला लागलो. वनितानं विचारलं, मग थांबलात कशासाठी. भावजींनी आमच्याकडं पाहिलं. म्हणाले, हे दोघं आत गेले तर सांगतो. मी म्हटलं, आम्ही काय जात नाय.

"तूच म्हणाली होतीस, गणपतीच्या वेळी," ते वनिताला म्हणाले. "उंदराला हा रोग आपण मुद्दाम लावतो, तो माणसाच्या रोगासारखा नसतो. खऱ्या माणसाची रोगट नळी मिळाली तर कळेल, आपला कण आत शिरतो का ते. पण ती मिळत नाही. म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते."

"मग माझ्याकडं आहे की."

घरात कांदे संपले म्हटल्यावर शेजारीण म्हणते, तसं म्हणाले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बूथवरून ते हॉस्पिटलांना एवढंच विचारायचे, की काढलेला थर बर्फात घालून बंगळूरला पाठवाल का. एकीकडं फोन ठेवून दिला. एकीकडं वेडा समजून डॉक्टरला जोडलाच नाही. एक डॉक्टर नीट बोलला, तो म्हणाला, ते आम्ही टाकून देतो. "टाकून देतो म्हणाला," भावजी मला सांगत होते, जणू कोणी घरचं भरलेलं पान उकिरड्यावर ओतलं.

वनिता म्हणाली, ते असं डब्यात घालून आणता येत नाही. त्याला समिती असते, आधी परवानगी लागते, हॉस्पिटलशी करार लागतो. भावजींनी विचारलं, परवानगीला किती वेळ. ती म्हणाली, वर्षभर, जास्तच. ते म्हणाले, ठीक.

"ठीक काय सर? तोवर पाय मांडीपासून कापावा लागेल."

भावजींनी पायाकडं पाहिलं. घाबरले नाहीत. आवाजही चढला नाही.

"मग अख्खी नळी मिळेल तुला," ते म्हणाले.

प्रकाश उठून अंगणात गेला. मला कळलं की हे त्यांना आत्ता सुचलेलं नाही. बोट काळं पडत होतं, शेजारचं काळवंडत होतं, आणि हा माणूस खाटेवर बसून त्याचीच वाट बघत होता. दुसरी बाई रडली असती. मी म्हटलं, "आणि तुम्हाला उचलून मोरीत कोण नेणार? मी? माझे गुडघे बघितलेत?"

"तो विचार नव्हता केला," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

वनिता अजून जमिनीवरच होती. तो काळा पाय तिच्या हातात. मला वाटत होतं, हिनं आता सरळ खोटं बोलावं, हो आणेन म्हणावं आणि यांना गाडीत घालावं. मी तिला डोळ्यांनी खुणावलंही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"सर, मला ती कापता येणार नाही."

"का? बकऱ्याचं हृदय कापायचीस."

"बकऱ्यानं मला शिकवलं नव्हतं."

ती पुढं म्हणाली, "तुमची नळी ताटलीत आली तर माझा हात चालणार नाही. मी चुकीचं चिरेन. नमुना फुकट जाईल."

"फुकट जाईल?"

"फुकट जाईल."

यावर त्यांनी फार विचार केला. पायापेक्षा जास्त त्यावर केला. शेवटी विचारलं, "प्रकाश कुठं गेला? त्याला म्हणावं, गाडी बघ."

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. दोन बोटं गेली, पाय राहिला. डॉक्टर म्हणाला, अजून थोडे दिवस थांबला असता तर मी हात लावला नसता. हे सगळं नंतरचं. माझ्या डोक्यात राहिलाय तो मुंबईला जातानाचा रस्ता.

जीप ठरवली होती. पुढं ड्रायव्हरशेजारी वनिता, मागं प्रकाश, मी आणि पाय खाली सोडून कडेला बसलेले भावजी. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला त्यांचा जबडा आवळला जायचा, पण तोंडातून आवाज नाही. वनितानं पोलादपूर सोडल्यापासून मागं वळून पाहिलं नव्हतं. महाड गेलं. माणगाव आलं. भावजी सारखे तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघत होते. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, ती रागावलीय का हो?"

"हो," मी म्हटलं.

"फार?"

"फार."

पाय कापण्याबद्दल जे तोंड बिनदिक्कत बोललं, ते तोंड आता पांढरं पडलं. गाडीला गर्दी लागली, सुटली.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "तिला आवडेल."

पुढं वनितानं खिडकीची काच वर चढवली आणि तोंड बाहेरच्या बाजूला फिरवलं. मी त्यांच्या पायावरची शाल सारखी केली आणि ड्रायव्हरला म्हटलं, गाडी जरा दामट रे.